सीलर काढा, पण पुन्हा लावू नका

दगडी फरसबंदीवर मारलेला सीलर दोन-तीन पावसाळ्यांत पांढरा पडतो, त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि मग ठरलेला सल्ला मिळतो: जुना थर केमिकलने काढा, फरशी धुऊन वाळवा आणि आधीपेक्षा चांगल्या प्रतीचा सीलर मारा. ठेकेदार हेच सांगतो, दुकानदारही हेच सांगतो. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. खराब झालेला थर दगडावर ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. दुसरा अर्धा भाग मात्र, निदान आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात आणि उघड्यावरच्या फरसबंदीसाठी, साफ चुकीचा आहे. सीलर का गेला, हा प्रश्न न विचारताच तो पुन्हा मारायला सांगितले जाते, आणि तो प्रश्न विचारला की पुन्हा मारण्याचे कारणच उरत नाही. हे म्हणणे मी अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार डोळ्यांपुढे ठेवून मांडतो आहे. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातले हे गाव पाहायला राज्यभरातून सरपंच, ग्रामसेवक, बचतगटांच्या महिला येतात आणि आपल्या गावातही काही करावे म्हणून परततात. परतल्यावर बहुधा सुरुवात होते ती देवळापुढचे अंगण, चौक आणि शाळेचा ओटा यांपासून. गावोगावी फरसबंदी वाढते आहे, म्हणून तिच्यावर काय मारायचे हा प्रश्न लहान राहिलेला नाही.

सीलर खराब का होतो, ते आधी पाहू. उघड्यावर सर्रास मारला जातो तो ॲक्रिलिकचा, क्वचित पॉलियुरेथेनचा, दगडाच्या वर पातळ पडदा धरणारा सीलर. तो वरून येणारे पाणी अडवतो, पण फरसबंदीला पाणी फक्त वरून मिळत नाही. खाली सिमेंटचा बेड असतो, त्याखाली खडी किंवा मुरूम आणि त्याखाली जमीन. पावसाळ्यात ही सगळी घडी ओली होते. दरजांमधल्या बारीक भेगांतून, कडेच्या मातीतून, भिंतीच्या पायथ्यातून पाणी आत शिरते. पाऊस उघडला, ऊन पडले की ते वाफ होऊन वर येऊ पाहते आणि वर त्याला प्लॅस्टिकचा पडदा आडवा येतो. पडद्याखाली ओल साचून तो दुधाळ होतो, मग दगडापासून सुटतो. सिमेंटमधला चुना आणि इतर क्षारही याच वाटेने वर येतात आणि लोणा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उघडा काळा दगड अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतका तापतो आणि जूनमध्ये त्याच्यावर थंड सरी कोसळतात. प्लॅस्टिकचा पडदा आणि दगड सारखे प्रसरण पावत नाहीत. शिवाय उन्हातली अतिनील किरणे पडदा पिवळा आणि ठिसूळ करतात. यातले एकही कारण नव्या डब्याने बदलत नाही. ओल आणि ऊन दोन्ही तसेच राहतात, म्हणून नवा थरही त्याच वाटेने जातो. पहिल्या वेळी माल हलका होता, मजुरांनी घाई केली, असे सांगितले जाते. कधी ते खरेही असते. पण उत्तम माल आणि सावकाश काम यांनी दोन वर्षांची चार वर्षे होतात, एवढेच.

आता दगडाकडे वळू, कारण सीलरची सगळी जाहिरात दगड पाणी पितो या गृहीतकावर उभी आहे. हिवरे बाजार आणि भोवतालचा सगळा मुलूख दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला हा लाव्हा. त्यात दोन जाती ठळक आहेत: एक ठोस, घट्ट कणांचा काळा पाषाण, दुसरा जाळीदार, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, ज्यात पांढरे झिओलाइट भरलेले दिसते. पाथरवट फरसबंदीसाठी निवडतो तो पहिला. हा दगड वजनाच्या एक टक्काही पाणी सहसा शोषत नाही. खात्री करायची तर कोरड्या, धुतलेल्या, सीलर नसलेल्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि पंधरा मिनिटांनी पुसावेत. खाली गडद डाग उमटला तर दगड पितो. बहुतेक काळ्या दगडावर तो जेमतेम उमटतो. जो दगड पाणी पीतच नाही त्याला पाण्यापासून वाचवायला काय लावायचे? शहाबादी, कोटा, तांदूर हे चुनखडीचे दगड; ढोलपूर, जोधपूरचा वालुकाश्म वेगळा. यांची गोष्ट निराळी आहे, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण सगळ्यांना एकच डबा दाखवला जातो, ही या व्यवहारातली पहिली गफलत आहे.

पुरावा आपल्या जिल्ह्यातच उभा आहे. अकोले तालुक्यात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हजार वर्षांच्या आसपास वयाचे. सह्याद्रीच्या माथ्यालगत, हिवरे बाजारच्या कित्येक पट पावसात, बहुतेक उघड्यावर उभे असलेले हे बेसॉल्टचे काम. त्यावरची नक्षी झिजली आहे, शेवाळही धरते, पण ती अजून वाचता येते. नगर शहरातली दमडी मशीद सोळाव्या शतकातली. तिच्या दगडातली कोरीव वेलबुट्टी आजही ठसठशीत आहे. ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला दिले त्या याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आणि त्यांनी ठिकठिकाणी बांधलेल्या घाटांच्या खालच्या पायऱ्या वर्षातले कित्येक महिने नदीच्या पाण्यातच असतात. यांपैकी कशावरही ॲक्रिलिकचा थर देऊन ते टिकवले गेलेले नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे: जे टिकले तेच आपल्याला दिसते, जे पडले त्याचे काय? पडलेली देवळे आणि बारवा नीट पाहिल्या तर उत्तर मिळते. पाया खचला, दरजांत पिंपळ-उंबर रुजला, पाण्याची वाट बुजली, लोकांनी दगड काढून नेले. पृष्ठभागावर लेप नव्हता म्हणून घडीव बेसॉल्टचे काम कोसळले, असे उदाहरण दाखवणे कठीण आहे. जुन्या कारागिरांनी लक्ष दिले ते उतारावर, पाण्याच्या वाटेवर आणि सांध्यांवर, आणि आजच्या फरसबंदीत दुर्लक्ष होते तेही नेमके याच तीन गोष्टींकडे.

लेप देऊन जपणूक करण्याचा आपल्याकडचा सर्वांत महागात पडलेला धडा अजिंठ्याचा आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटणारी चित्रे जागेवर धरली, हे मोठे काम होते. पण त्याचबरोबर चित्रांवर लाखेचे वार्निश चढले. ते काळाच्या ओघात पिवळे-तपकिरी झाले, तडकले, त्याखालचे रंग दिसेनासे झाले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या कित्येक दशकांच्या कामातला मोठा भाग तोच थर उतरवण्यात गेला. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, अंगणातल्या दगडावर नाहीत, हा फरक मी लपवत नाही. उलट त्या फरकाने माझे म्हणणे बळकट होते. तिथे काम करणारे त्या काळातले नामवंत तज्ज्ञ होते, हेतू निखळ होता, आणि ज्या गोष्टीला लेप दिला ती खरोखर नाजूक होती. तरीही लेप हेच पुढचे दुखणे झाले. मग जो दगड नाजूकच नाही, त्याच्यावर तशीच जबाबदारी दर तीन वर्षांनी ओढवून घेण्याचे समर्थन कसे करणार? पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा अलीकडच्या काळात बसवलेला ग्रॅनाइट काढून मूळ दगड उघडा करावा लागला. दगडावर दुसरे काही चढवायचे आणि पुढच्या पिढीने ते उतरवायचे, ही सवय आपल्याला अनोळखी नाही.

थर काढणे मात्र आवश्यक आहे, आणि तेच काम सर्वांत निष्काळजीपणे होते. सुरुवात ओळख पटवण्यापासून व्हायला हवी. कोपऱ्यातल्या एका दगडावर झायलीनमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा ठेवावा, हातात मोजे घालून, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून. दहा मिनिटांनी लाकडी काडीने खरवडावे. काडीला चिकट तार धरली तर थर ॲक्रिलिकचा आहे. तो मऊच पडला नाही तर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी, आणि त्याला वेगळे स्ट्रिपर लागते. वर कुठेच पापुद्रा नाही, तरीही पाणी थेंबाथेंबांनी उभे राहते, असे दिसले तर सीलर दगडात मुरणाऱ्या जातीचा आहे. तो कोणत्याही केमिकलने पुरता निघत नाही, झिजून जाऊ द्यावा लागतो. ओळख पटल्यावर जेलसारखे घट्ट स्ट्रिपर हाताएवढ्या जागेवर लावून पाहावे, ते वाळू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि थर सुरकुतला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलावा. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे लोखंडी कण दगडाच्या खळग्यांत राहून पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठवतात. वाळूचा मारा तर टाकीचे घावच पुसून टाकतो, आणि ते घाव हीच पाय न घसरण्याची हमी असते. जुन्या स्ट्रिपरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत, म्हणून अमेरिकेने पेंट काढण्यासाठीची त्याची किरकोळ विक्री २०१९ मध्ये बंद केली आणि २०२४ मध्ये बहुतेक उपयोगांवर बंदी आणली. मजुराला रुमाल बांधून अशा डब्यापुढे बसवणे हा गुन्हा मानला पाहिजे.

सर्वांत मोठा घात होतो तो ॲसिडने. स्ट्रिपर महाग, म्हणून संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड फरशीवर ओतले जाते. शहाबादी किंवा कोटा फरशीवर ते पडताच फेस येतो, आणि बघणाऱ्याला वाटते की घाण निघते आहे. खरे तर तो फेस म्हणजे दगडातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. निघतो तो दगड. सीलर बऱ्याचदा तसाच राहतो. फरशी खरखरीत आणि मंद होते, आधीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागते, आणि मग याच नव्या शोषकपणाकडे बोट दाखवून सीलरची गरज पटवली जाते. काळ्या दगडावर ॲसिडचा असा फेस येत नाही, पण दरजांतले सिमेंट त्याने खाल्ले जाते आणि दगडातल्या लोहयुक्त खनिजांमुळे पिवळट-तांबूस डाग उठू शकतात.

थर निघाल्यावर पुन्हा सीलर मारण्यापूर्वी एक चाचणी करायला सांगतात. दोन फूट लांब-रुंद पॉलिथिन चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर घट्ट बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचे. खाली दव जमले असेल तर फरशी अजून ओली, म्हणून थांबा. ही चाचणी मला माझ्या बाजूचा पुरावा वाटते. जमिनीवर बसवलेल्या फरसबंदीत ती मे महिन्यात कोरडी येईल, पण ऑगस्टमध्ये तीच चाचणी करून पाहा. मे महिन्यात मारलेल्या सीलरला ऑगस्टची ओल झेलायचीच आहे. चाचणी एका दिवसाची आणि पडदा बारमाही, या विसंगतीला डब्यावर उत्तर नसते.

मुरणारे सीलर, म्हणजे सिलेन आणि सिलॉक्सेनवर आधारलेले, यांची बाजू जास्त सबळ आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवे. हे सीलर पडदा धरत नाहीत, वाफेला वाट देतात, पाणी मात्र आत ओढले जाऊ देत नाहीत. हे खरे आहे. वालुकाश्माच्या पायऱ्यांवर, पाऊस वरून येतो आणि खालून निचरा चांगला आहे अशा जागी, त्यांचा उपयोग मला मान्य आहे. पण ते सिलिकायुक्त दगडाशी रासायनिक बंध जोडतात. शहाबादी, कोटा अशा चुनखडीत तो बंध तितका पक्का होत नाही. घट्ट बेसॉल्टमध्ये तर मुरायला जागाच थोडी. आणि जिथे खालून क्षार येतात तिथे ते अपाय करतात. पाणी सीलर मुरलेल्या थराच्या मागेच वाफ होते, क्षार तिथेच साठून स्फटिक बनतात आणि दगडाचा वरचा पापुद्रा घेऊन सुटतात. बिनासीलरच्या दगडावर हाच लोणा पृष्ठभागावर पांढरा दिसतो आणि कोरड्या झाडूने निघतो. दिसणारा, झाडता येणारा लोणा केव्हाही बरा.

डागांचा मुद्दाही खोटा नाही. देवळाच्या पायरीवर समईचे तेल सांडते, गुलाल उधळला जातो, नारळ फुटतात. जांभळाच्या झाडाखालची शहाबादी फरशी जून महिन्यात काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. पण त्यासाठी पाचशे चौरस मीटरचे अंगण सील करायचे कारण नाही. नारळ फोडायला एक जागा ठरवता येते, समईखाली पितळी ताट ठेवता येते, तेलाच्या ताज्या डागावर शाडू किंवा खडूची पूड पाण्यात कालवून लेप दिला की वाळताना तो तेल ओढून घेतो. आतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर, जिथे हळद आणि लिंबू रोजचे आहेत आणि खालून ओल येत नाही, तिथे सीलर जरूर लावा. माझा विरोध त्याला नाही. राहिला शोभेचा मुद्दा. सीलर मारला की दगड ओल्यासारखा काळाभोर दिसतो, कारण पडदा पृष्ठभागावरचे बारीक खळगे भरतो आणि उजेड विखुरत नाही. ज्या खळग्यांमुळे पाऊल धरते तेच बुजतात, म्हणून तो दिसतो छान आणि पहिल्या पावसात घसरतो. वारीहून आलेली म्हातारी माणसे जिथे अनवाणी चालतात तिथे ही शोभा परवडणारी नाही. शेवाळाला घाबरून सीलर मारणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते: शेवाळ सावली आणि साचलेल्या पाण्याने येते, ते सीलरवरही धरते आणि तिथे जास्त घसरते. त्याला उपाय उतार आणि काथ्याचा ब्रश.

आता हिवरे बाजारकडे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळाने उजाड झालेले होते. पुढे डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले, नाल्यांवर बांध आले, आदर्श गाव योजनेची साथ मिळाली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षी पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिके ठरवायची, हे नियम गावाने स्वतःला लावून घेतले. पाणी जिथे पडते तिथेच जिरवायचे, या एका कामावर हे गाव उभे राहिले, आणि तेही याच बेसॉल्टवर, जिथे पाणी साठते ते मुरमाड झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. चारशे मिलिमीटर पावसात शंभर चौरस मीटर अंगणावर वर्षाला चाळीस हजार लिटर पाणी पडते. पाचशे चौरस मीटरच्या देवळापुढच्या पटांगणावर दोन लाख लिटर. दगड ते पिणार नाही, पण दरजा पिऊ शकतात. एक फूट बाय दोन फुटांच्या दगडांत सेंटीमीटरभर दरज सोडली तर साधारण पाच टक्के जागा दरजांची होते. त्यात जाडसर वाळू असेल आणि खाली काँक्रीट नसेल, तर तासाला पंधरा-वीस मिलिमीटरचा पाऊस त्यातून उतरू शकतो. वळवाच्या धो धो सरीला हे पुरणार नाही, पुरेल असे मी म्हणतही नाही. पण हिवरे बाजारसारख्या पट्ट्यात वर्षाच्या पावसातल्या बऱ्याच सरी त्याहून हळू पडतात. सीलरवाले दरजांवरही पडदा मारतात, वाळू घट्ट धरणारे द्रव ओततात, आणि हे सगळे पाणी गटाराला लागते.

फक्त सीलर काढल्याने हे पाणी जिरणार नाही, असा प्रतिवाद होईल, आणि तो अचूक आहे. खाली दहा सेंटीमीटर काँक्रीट असेल तर सीलर काढून एक थेंबही भूजलाला मिळणार नाही. म्हणूनच पुन्हा सीलर मारायला ठेवलेला पैसा पाणी जिरवण्याच्या कामाकडे वळवला पाहिजे. उघड्या विहिरींच्या गावात तर सीलर पुन्हा न मारायला दुसरेही कारण आहे. थर काढताना धुतलेले झायलीन आणि स्ट्रिपर, आणि दर उन्हाळ्यात सुटणारे ॲक्रिलिकचे कण, गटारातून ओढ्याला आणि ओढ्याकाठच्या विहिरीला जातात. मुरमाड थर पाणी जितक्या सहज आत घेतो तितक्याच सहज हेही घेतो. एकदाच, काळजीपूर्वक, चिखल लाकडी भुशात टिपून, तो आगीपासून दूर बंद डब्यात भरून थर काढणे समजू शकते. दर तीन वर्षांनी तेच करायचे ठरवणे समजू शकत नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ‘फरशी स्ट्रिपिंग व रिसीलिंग’ अशी ओळ आली तर ग्रामसभेने ती तशीच मंजूर करू नये. स्ट्रिपिंग ठेवावे, आणि रिसीलिंगच्या जागी चार कामे लिहून घ्यावीत: फुटके सिमेंट पॉइंटिंग खरवडून काढणे, मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उतार मिळेल असे खचलेले दगड उचलून पुन्हा बसवणे, जिथे खाली काँक्रीट नाही तिथे दरजांत धुतलेली जाडसर वाळू भरणे, आणि जिथे काँक्रीट आहे तिथे कडेने फूटभर रुंदीचा खडीचा चर खणून अंगणाचे पाणी त्यात सोडणे. हे काम गावातला पाथरवट आणि गवंडी करू शकतो, आणि दुरुस्ती लागलीच तर सुटलेला एकेक दगड उचलून होते.